पुलाखालची डबी आणि माझा शहाणपणा

निघण्याआधी

बहिणीनं माझी पिशवी उघडी पाहिली आणि म्हणाली, "सहलीला चालली आहेस की पंचनाम्याला?" प्रश्न रास्त होता. आत दोन पेन्सिली, एक बॉलपेन, बारीक टोकाचा चिमटा, हातमोजे, छोटी टॉर्च, जुनं फडकं, झिपच्या रिकाम्या पिशव्या, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, पॉवर बँक आणि कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी. या वेळी तिचा चौदा वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर चार दिवस येणार होता, त्यामुळे ती जरा काळजीतच होती.

ज्यांना जिओकॅशिंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं. बाकीच्यांनी फोन किंवा जीपीएस घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत सही करायची आणि होती तिथे, होती तशी परत ठेवायची. सहा वर्षं मी हे करते आहे. भाच्याला सगळं नीट शिकवायचं म्हणून निघाले आणि त्या वाक्याच्या शेवटच्या तुकड्यात मीच माती खाल्ली. ते पुढे येईलच.

आदल्या रात्री आम्ही दोघांनी नकाशावर बारा डब्या निवडल्या. भाच्याला सगळ्यात अवघड त्या हव्या होत्या. मी त्याला आधी लोकांनी लिहिलेल्या नोंदी वाचायला लावल्या. शेवटच्या चार नोंदी 'सापडली नाही' अशा असतील, तर डबी बहुधा जागेवर नाहीच, मग तिच्यासाठी अर्धा दिवस घालवायचा नाही. प्रत्येक डबीला दोन आकडे असतात, शोधायला किती कठीण आणि पोचायला किती कठीण, दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं. पोचायला १ म्हणजे व्हीलचेअरवरूनही जाता येईल. ५ म्हणजे होडी, दोर किंवा डायव्हिंगचं सामान लागेल. "मग ५ वाली घेऊ," असं तो म्हणाला. आमच्याकडे दोर नव्हता, होडी नव्हती, आणि त्याच्या आईची परवानगी तर मुळीच नव्हती. सगळ्यात वरची ४ ची घेतली, तीही तिसऱ्या दिवशी.

नकाशे आणि डब्यांची माहिती फोनवर उतरवून घेतली. डोंगरात रेंज जाते आणि नेमकी पुढची खूण वाचायची असते तेव्हाच जाते. बहिणीकडे रोजच्या वाटेचा कागद ठेवला: कुठे, किती वाजेपर्यंत परत.

पहिला दिवस

दुपारी पोचलो. गाव लहान, मध्ये तळं, पलीकडे टेकड्या. सामान टाकून लगेच तळ्याकाठी निघालो.

पहिल्याच डबीला भाच्यानं मला दीड तास फिरवलं. त्याचा दोष निम्माच. डबीच्या पानावर जागा अंश आणि दशांशातल्या मिनिटांत दिलेली असते, म्हणजे मिनिटांचा आकडा १२.३५० असा. त्यानं दुसऱ्या एका नकाशाच्या ॲपमध्ये तो १२ मिनिटं ३५ सेकंद असा भरला. ०.३५० मिनिट म्हणजे २१ सेकंद. चौदा सेकंदांची चूक, आणि अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३१ मीटरचा. आम्ही चारशे मीटरांहून जास्त लांब, एका कुंपणापलीकडच्या खासगी बागेसमोर उभे. बाण आत दाखवत होता. "भिंत छोटी आहे," भाचा म्हणाला. मी म्हटलं, ज्या डबीसाठी कुणाच्या आवारात उडी मारावी लागते, ती डबी तिथे नसतेच, एवढं गृहीत धर आणि आकडे तपास. तपासले. निघालोच तळ्याच्या दुसऱ्या टोकाला.

याच हिशोबाची दुसरी बाजूही त्याला तिथेच सांगितली. शेवटचा दशांश एकनं बदलला की अक्षांशात जेमतेम १.८५ मीटरचा फरक पडतो. म्हणून आकडे काटेकोर दिसतात. पण मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोन चार-पाच मीटर इकडेतिकडे असतो, झाडीत किंवा उंच भिंतींमध्ये त्याहून जास्त, आणि लपवणाऱ्याच्या फोननंही तेवढीच चूक केलेली असते. बाण 'शून्य मीटर' म्हणाला म्हणून पायाखाली उकरायला घ्यायचं नाही. तसंही उकरावं लागत नाही, जागेच्या मालकाची स्पष्ट परवानगी नसेल तर डबी जमिनीत पुरायला नियमानंच मनाई आहे. पाच-सहा मीटरवर आलो की मी फोन खिशात टाकते आणि आजूबाजूला बघून स्वतःला विचारते, मी असते तर कुठे ठेवली असती?

ती डबी निघाली एका बाकाच्या लोखंडी पट्टीखाली, चुंबकानं चिकटलेली, करंगळीच्या पेराएवढी. आम्ही तिला नॅनो म्हणतो. आत कागदाची गुंडाळी असते, ती चिमट्याशिवाय निघत नाही, आणि पेन मावत नाही म्हणून पेन आपलंच लागतं. भाच्यानं मोठी झोकदार सही ठोकली. मी त्याला थांबवलं. अशा पट्टीवर टोपणनाव आणि तारीख, दोन आडव्या रेघांत. आपली सही जितकी मोठी तितकी मागून येणाऱ्यांची जागा कमी. ओलसर कागदावर बॉलपेन फिरत नाही, पेन्सिल फिरते, म्हणून दोन्ही बाळगायचं.

बाकावर बसूनच त्याला या खेळाचा जन्म सांगितला, कारण तो 'हे ॲप कुणी काढलं' असं विचारत होता. ॲप नंतरचं. जीपीएसचे सिग्नल सामान्य लोकांसाठी आधी मुद्दाम गढूळ केलेले असत, चूक शंभर मीटरपर्यंत जाई. अमेरिकी सरकारनं २ मे २००० ला ते गढूळ करणं बंद केलं. दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवरच्या एका गटात टाकले: या, काही घ्या, काही ठेवा. माइक टीग यानं ती सर्वात आधी शोधली. 'जिओकॅशिंग' हे नावही त्याच महिन्याच्या शेवटी आलं आणि सप्टेंबरमध्ये संकेतस्थळ. त्या पहिल्या बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि खाण्याचा डबाही होता. आज यातली निम्मी यादी चालणार नाही. खाण्याचा पदार्थ ठेवला की मुंग्या आणि उंदीर आपल्याआधी डबी शोधतात. चाकू, काडेपेटी, औषधं, दारू हेही नाही, कारण डबी कुठलं मूल उघडेल याचा नेम नसतो.

सूर्य खाली गेला तेव्हा पुलापाशी आलो. जुना दगडी पूल, खालून ओढा. डबीची खूण होती: कमरेच्या उंचीवर, तिसऱ्या दगडामागे. खुणेचं वाक्य पानावर अक्षरं तेरा घरं सरकवून लिहिलेलं असतं, म्हणजे नको असेल तर चुकून वाचलं जात नाही. ॲपमध्ये एका टिचकीत उलगडतं. भाच्याला ती टिचकी मारायची नव्हती. वीस मिनिटांनी मारली.

सैल दगड ओढला, मागे जेवणाच्या डब्याएवढी पारदर्शक डबी. तिच्यावर खेळाचं नाव लिहिलेलं. हे नाव आणि ती पारदर्शकता महत्त्वाची असते. पुलाखाली, बंद, बिननावाची वस्तू दिसली तर लोक पोलिसांना बोलावतात, आणि अशा डबीसाठी बॉम्बशोधक पथक आल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत. आत वही, थोडी किरकोळ खेळणी आणि साखळीला लावलेली एक धातूची पट्टी. भाच्यानं ती पट्टी घेतली, बदल्यात आम्ही काही ठेवलं नाही. पट्टीला अदलाबदलीचा नियम लागत नाही, तिच्याबद्दल उद्या. एरवी काही घेतलं तर त्याच्या तोडीचं किंवा सरस ठेवायचं. तुटकी खेळणी आणि जुनी तिकिटं टाकून चांगली वस्तू नेणारे भेटतात. एक डबी हळूहळू कचराकुंडी कशी होते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

परत ठेवताना मला वाटलं, ही डबी वाटेवरून दिसते. दगड पुढे आला आहे, कडेनं प्लॅस्टिक चमकतं. पलीकडे हातभरावर एक खोल फट होती. मी डबी तिकडे सरकवली, पुढे पालापाचोळा लावला, सैल दगड जागेवर बसवला. भाचा म्हणाला, "मावशी, पण ती तिथे नव्हती." मी म्हटलं, "आता जास्त सुरक्षित आहे." मोठ्या माणसाचा आवाज काढून म्हटलं, त्यामुळे तो गप्प बसला.

दुसरा दिवस

सकाळ एका बहुटप्पी डबीत गेली. पहिल्या जागी डबी नसते, माहिती असते. फलकावरचं साल, कमानीच्या खांबांची संख्या, पायऱ्या मोजायच्या, त्या आकड्यांवरून पुढची जागा काढायची. आम्ही पायऱ्या तीनदा मोजल्या आणि तीन वेगळी उत्तरं आली. वरचा सपाट चौथरा धरायचा की नाही? अशा वेळी दोन्ही उत्तरं नकाशावर टाकून बघायची. एक उत्तर तळ्याच्या मध्यात येत होतं.

ही जागा गजबजलेली होती. डब्या शोधणाऱ्यांच्या भाषेत या खेळाची कल्पना नसलेल्या माणसाला 'मगल' म्हणतात. मगल बघत असताना डबी काढायची नाही, कारण उत्सुकतेपोटी कुणी ती घरी नेतं. भाच्याला गुप्तहेर व्हायला फार आवडलं. झाडामागून झाडामागे पळत, कॉलर वर करून. याहून संशयास्पद काही नसतं. मी त्याला बाकावर बसवलं, बुटाची नाडी सोडून बांधायला लावली, फोनवर बोलल्यासारखं करायला लावलं. एका गृहस्थांनी तरीही येऊन विचारलंच, काही हरवलंय का? मी सरळ सांगितलं, असा असा खेळ आहे, फोनवर पान दाखवलं. त्यांना मजा वाटली. खोटं सांगून निसटण्यापेक्षा हे नेहमी सोपं जातं, आणि विचारणारा गणवेशात असेल तर दुसरा पर्याय मनातही आणू नये. मुलं खेळतात अशा ठिकाणी फार वेळ घुटमळायचं नाही, हेही भाच्याला सांगितलं. तो अजून मूल आहे, पण मी नाही.

शेवटची डबी झाडाच्या ढोलीत होती. तिथे मी हात घालण्याआधी काठी घातली, मग टॉर्च. ढोलीत आपल्याआधी राहायला आलेलं कुणीही असू शकतं. वही ओली चिंब निघाली, झाकणाची रबरी कड सुटली होती. फडक्यानं आतून पुसली, कोऱ्या कागदाची पट्टी झिपच्या पिशवीत घालून ठेवली, सही केली, आणि नोंदीत लिहिलं की कड बदलायला हवी. नवा डबा मात्र ठेवला नाही. तो डबी लपवणाऱ्याचा, म्हणजे तिच्या मालकाचा निर्णय आहे. तसंच, डबी न सापडल्यावर 'हरवली असेल' म्हणून आपलीच एक टाकून द्यायची आणि सापडल्याची नोंद करायची, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. नव्वद टक्के वेळा मूळ डबी दोन हातांवर असते. (हा आकडा माझ्या चिडचिडीचा आहे, मोजलेला नाही.)

दुपारी खडकाच्या कड्यापाशी गेलो. तिथे डबी नव्हतीच. त्याला अर्थकॅश म्हणतात, भूशास्त्राचा धडा. थर बघायचे, एका थराची जाडी मोजायची, कण बोटांनी चाचपायचे, प्रश्नांची उत्तरं मालकाला निरोपातून पाठवायची. ती नोंदीत जाहीर लिहायची नाहीत. भाचा कंटाळेल असं वाटलं होतं. तो पाऊण तास खडकाला नाक लावून होता आणि खिशात तुकडा घालणार तेवढ्यात मी पाहिलं. अर्थकॅशमधून काहीही उचलून आणायचं नसतं. तुकडा परत गेला, जरा नाराजीनं.

आता त्या पट्टीबद्दल. तिला ट्रॅकेबल म्हणतात. तिच्यावर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो, आणि संकेतस्थळावर तिचं पान असतं: ती कुठून निघाली, तिला कुठे जायचंय. आमच्या पट्टीला समुद्र बघायचा होता. भाच्यानं लगेच तिचा फोटो काढून मित्रांना पाठवायला घेतला, क्रमांकासकट. मी अंगठा ठेवून क्रमांक झाकला. क्रमांक फक्त हातात पट्टी असलेल्यालाच दिसायला हवा. तो बाहेर फुटला की जगभरचे लोक घरबसल्या 'मी पाहिली' अशा नोंदी करतात. घेतल्याची नोंद लगेच करायची आणि दोनेक आठवड्यांत पुढच्या डबीत सोडायची. जमणार नसेल तर घ्यायचीच नाही. लोकांच्या ड्रॉवरमध्ये अशा किती पट्ट्या समुद्राची वाट पाहत असतील देव जाणे. भाच्याला सर्वात आवडली ती ही गोष्ट: २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवरही असा एक क्रमांक आहे, आणि त्याआधी, २००८ मध्ये, रिचर्ड गॅरियट या अंतराळ पर्यटकानं अंतराळ स्थानकावर एक डबी नोंदवली होती. "तिथे पोचायला किती?" त्यानं विचारलं. ५, दुसरं काय.

रात्री नोंदी लिहायला बसलो. भाच्यानं सगळीकडे 'सापडली, धन्यवाद' एवढंच चिकटवलं. मी सांगितलं, निदान एक ओळ खरी लिही. मालक स्वतःच्या वेळेतून, स्वतःच्या खर्चानं डबी सांभाळतो, त्याच्या हाती येते ती एवढीच मजुरी. फक्त जागा उघड होईल असं लिहायचं नाही, फोटोत डबी दिसू द्यायची नाही. हे सांगता सांगता मी पुलाच्या डबीचं पान उघडलं. सर्वात वर नवी नोंद होती, त्याच दिवशीची: 'चाळीस मिनिटं शोधली. सापडली नाही.'

मी मनात म्हटलं, नवखं कुणी असेल. भाच्यानं माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही.

तिसरा दिवस

पाऊस. तरी ४ वाल्या डबीसाठी निघालो, कारण भाच्यानं ती निघण्याच्या आदल्या रात्रीपासून मनात धरली होती. वाट चढाची, शेवटची शंभर मीटर ओल्या खडकावरून. नव्वद मीटर उरले तेव्हा आम्ही दोघंही आलटूनपालटून घसरलो. बाण सरळ वर दाखवत होता. बाणाला उतार कळत नाही, दरी कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. मी थांबले. भाच्यानं वाद घातला. इतक्या जवळ येऊन? मी सांगितलं, डबी तिथे दहा वर्षं बसली आहे, अजून बसेल.

वाटेत लक्षात आलं की लोकांनी वळणं टाळून झुडपांमधून आडव्या पाऊलवाटा पाडल्या आहेत. सगळ्या डबीकडे जाणाऱ्या. प्रत्येकानं एकदाच तुडवलं असेल, पण दोनशे 'एकदाच' मिळून ओरखडा उमटतो आणि पावसात त्यातून माती वाहते. आम्ही मुख्य वाटेनंच उतरलो आणि येताना कचऱ्याची पिशवी अर्धी भरली. या सवयीलाही खेळात नाव आहे, सीआयटीओ, आत जाताना डबी शोधा, बाहेर येताना कचरा आणा. २००२ पासून चालत आलं आहे.

खाली येऊन 'सापडली नाही' अशी नोंद केली. भाच्याला हे अपमानकारक वाटलं. आपण पोचलोच नाही, मग कशाला? मी म्हटलं, खडक ओला असताना कुठून परतावं लागतं हे पुढच्याला कळेल म्हणून. न सापडल्याच्या नोंदी लपवणारे लोक मालकाला अंधारात ठेवतात. चार जण शोधून गप्प बसले, तर डबी गायब आहे हे त्याला कळणार कसं?

बोलून झालं आणि पुलाखालच्या नोंदीची आठवण झाली.

संध्याकाळी गावात डबीवाल्यांची भेट होती. अशा भेटी निदान दोन आठवडे आधी जाहीर कराव्या लागतात आणि निदान अर्धा तास चालाव्या लागतात. तिथे डबी नसते, माणसंच असतात. दहा-बारा जण, सगळे एकमेकांना टोपणनावानं ओळखणारे. भाच्यानं एकाला विचारलं, मी इथे माझी डबी ठेवून जाऊ का? त्यांनी हसून सांगितलं की ज्या गावी परत येणार नाहीस तिथे ठेवू नये, ती भिजली तर कोण बघणार? जागेच्या मालकाची परवानगी हवी, दुसऱ्या डबीपासून निदान १६१ मीटर अंतर हवं, आणि मंजुरी देणारा स्वयंसेवक प्रत्येक डबीचं पान तपासतो. घराजवळ ठेव, शाळेतून येताना बघत जा. ही गोष्ट मी त्याला तीनदा सांगितली होती. परक्या माणसानं एकदा सांगितली आणि पटली.

मग कोपऱ्यातल्या एक बाई बोलल्या. साठीच्या, गुडघ्याला पट्टा. काल पुलाची डबी शोधत होते, त्या म्हणाल्या. खूण स्पष्ट होती, कमरेच्या उंचीवर तिसरा दगड. दगड निघाला, मागे रिकामं. चाळीस मिनिटं बसून-उठून बघितलं. खाली वाकता येत नाही म्हणून ही कमरेच्या उंचीची मुद्दाम निवडली होती.

नवखं कुणी नव्हतं. त्यांच्या नावावर साडेतीन हजार डब्या होत्या.

भाचा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघत नव्हते. कबूल करायला मला साधारण तेवढाच वेळ लागला जेवढा बाकीच्यांना हवामानाकडे विषय न्यायला लागला. मग म्हटलं, "ती मी हलवली." का हलवली तेही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एक जण फक्त म्हणाला, दगड पुढे आलेला होता ना, तो मालकानं तसा ठेवला आहे, हाताला लागावा म्हणून. बाई म्हणाल्या, "म्हणजे डबी आहे! बरं झालं. मी तर मालकाला ती गेली म्हणून कळवणार होते."

रात्री मालकाला मी निरोप लिहिला. तीनदा लिहिला, दोनदा खोडला. पहिल्या मसुद्यात 'सुरक्षिततेसाठी' हा शब्द दोनदा आला होता.

चौथा दिवस

निघायची गाडी दुपारची होती. सकाळी सात वाजता आम्ही पुलाखाली. पालापाचोळा पावसानं वाहून गेला होता आणि माझ्या त्या सुरक्षित फटीत ओढ्याचं पाणी ठिबकत होतं. डबीला बाहेरून चिखल, आतली वही नशिबानं कोरडी. पुसली. तिसऱ्या दगडामागे ठेवली. दगड किती पुढे ठेवायचा यावर मी पहिल्या दिवशी भाच्यानं काढलेला फोटो बघितला. त्यानं काढण्याआधीचा फोटो काढला होता. मी नव्हता.

"मी नेहमी काढतो," तो म्हणाला. "परत तसंच ठेवायला."

मालकाचा निरोप आला होता. 'कळवलंत, आभार. जागेवर आहे का?' एवढाच. मी 'आहे' लिहिलं.

साडेसातला त्या बाई आल्या. रात्रीच ठरलं होतं. त्यांना डबी कुठे आहे हे दाखवायचं नाही, असं भाच्यानं मला आधीच बजावलं होतं. शोधणं त्यांचं आहे. तेव्हा आम्ही कठड्यावर पाठ करून बसलो. मागे काठीचा आवाज आला, मग दगडाला दगड घासल्याचा. भाचा हळू आवाजात सेकंद मोजत होता. झाकण उघडल्याचा टक्क असा आवाज आला तेव्हा तो एकोणतीसवर होता.

"काकू, पेन हवंय का?" त्यानं न वळता विचारलं.